क्षयजंतूची औषधपरीक्षा : प्रस्तावना

जालन्याच्या जिल्हा क्षयरोग केंद्रात एकाच दिवशी दोन रुग्ण आले आहेत, असे समजू. दोघांनाही तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेले वजन. दोघांच्या एक्स-रेत छातीच्या वरच्या भागात सारखाच डाग. दोघांचा बेडका काचपट्टीवर पसरून रंगवला, तर सूक्ष्मदर्शकाखाली तेच बारीक, लालसर, किंचित वाकलेले जंतू. तरीही एकाचे जंतू रिफाम्पिसिनने मरतात आणि दुसऱ्याचे मरत नाहीत. पहिला सहा महिन्यांत बरा होईल. दुसरा तीच औषधे इमानाने घेत राहील, खंगत राहील आणि घरात रोग वाटत राहील. हा फरक स्टेथोस्कोपला ऐकू येत नाही, एक्स-रेत दिसत नाही, सूक्ष्मदर्शकालाही कळत नाही. त्यासाठी जंतूला औषधासमोर वाढायला लावावे लागते, किंवा त्याची जनुके वाचावी लागतात. या परीक्षेची ओळख करून देणे हा या पुस्तकाचा हेतू आहे.

क्षयावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. खोकताना तोंडावर रुमाल धरा, औषध मध्येच सोडू नका, सकस खा, हे गावोगावच्या भिंतींवरही रंगवलेले आहे. पण भिंतीवरचा सल्ला मानून रुग्णाने दिलेला बेडका पुढे कुठे जातो, त्याचे काय होते, आणि परत येणाऱ्या कागदावर औषधाच्या नावापुढे ‘संवेदनशील’ किंवा ‘रोधक’ हा शब्द कोण, कशाच्या आधारावर लिहितो, याची वाचकाला कल्पना नसते. अनेक डॉक्टरांनाही ती अंधुकच असते. हा शब्द निसर्गाने लिहिलेला नसतो. एखाद्या औषधाची ठरावीक मात्रा, ठरावीक माध्यम, ठरावीक दिवस आणि माणसांनी सहमतीने ओढलेली एक रेघ यांतून तो येतो. ती रेघ कशी ओढली हे माहीत असेल, तरच अहवाल नीट वाचता येतो.

जालना हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे भाग काढून हा जिल्हा झाला. आठ तालुके, शहरात लोखंडाच्या सळयांचे कारखाने, बियाण्यांचा देशभर चालणारा व्यापार, भोवती मोसंबीच्या बागा आणि कोरडवाहू शेती. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या पट्ट्यांतून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. सप्टेंबरात ज्याचा बेडका घेतला, तो माणूस नोव्हेंबरात सांगली-कोल्हापूरच्या फडात असतो. जुन्या पद्धतीने जंतू वाढवायला सहा ते आठ आठवडे आणि वाढलेल्या जंतूंवर औषधे तपासायला आणखी चार ते सहा आठवडे लागत. म्हणजे अहवाल गावी पोचेपर्यंत हंगाम निम्मा उलटलेला. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात बेडक्याची डबी थंड न ठेवता दूरच्या प्रयोगशाळेकडे गेली, तर वाटेत इतर जंतू माजतात आणि क्षयजंतू मरतात. प्रयोगशाळेतली परीक्षा कितीही काटेकोर असली, तरी तिचे अर्धे यश आशाताईने घेतलेल्या नमुन्यात आणि तो घेऊन जाणाऱ्याच्या थर्माकोलच्या डब्यात असते.

आता थोडा इतिहास. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. त्यानंतर पाच वर्षांच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या. त्या स्वतः डॉक्टर होत्या, जंतूचे नाव जगाला कळलेले होते, पण त्याच्यावर चालणारे एकही औषध नव्हते. औषध यायला आणखी जवळपास साठ वर्षे जावी लागली. १९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स येथे सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन सापडले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्याची चाचणी करून १९४८ मध्ये निष्कर्ष छापले. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ जणांपैकी ४ दगावले, तर नुसती विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४. मात्र औषध घेणाऱ्या बहुतेकांच्या बेडक्यात काही महिन्यांतच स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारे जंतू निघू लागले आणि पुढच्या काही वर्षांत दोन गटांमधले अंतर बरेचसे मिटले. क्षयाचे पहिले प्रभावी औषध आणि क्षयजंतूचा पहिला औषधरोध अशी जोडीनेच जन्मली.

यामागचे गणित सरळ आहे. क्षयजंतूंच्या मोठ्या लोकसंख्येत आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक, आणि रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक, असा आपोआप, उत्परिवर्तनाने निपजतो. फुप्फुसात पडलेल्या एका मोठ्या पोकळीत कोटी ते शंभर कोटी जंतू असू शकतात. एकच औषध दिले, तर आधीपासून तिथे असलेले हे मोजके जंतू शिल्लक राहतात आणि तेच वाढतात. दोन-तीन औषधे एकत्र दिली, तर एकाच वेळी सगळ्यांना पुरून उरणारा जंतू जवळजवळ असंभव. १९५० मध्ये स्ट्रेप्टोमायसिनला पॅस या दुसऱ्या औषधाची जोड देऊन हे सिद्ध झाले. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले आणि साठच्या दशकाच्या शेवटी रिफाम्पिसिन. आजची चार औषधांची उपचारपद्धती याच गणितावर उभी आहे. मात्र त्यातले एक औषध आधीच निकामी असेल, तर उरलेल्यांवर भार पडतो. दोन निकामी असतील, तर उपचार म्हणजे आणखी एका औषधाचा रोध तयार करण्याची प्रक्रियाच ठरते. म्हणून औषधपरीक्षा लागते.

या परीक्षेचे पहिले घराणे वाढीवर विश्वास ठेवणारे. क्षयजंतूला एकाचे दोन व्हायला अठरा ते चोवीस तास लागतात, तर आतड्यातल्या साध्या जंतूला वीस मिनिटे पुरतात. त्यामुळे इतर जंतूंसाठी चालणारी झटपट पद्धत इथे चालत नाही. लोवेनस्टाइन–जेन्सन हे अंड्याचे, मॅलाकाइट ग्रीनमुळे हिरवे दिसणारे माध्यम या घराण्याचे जुने घर. साठच्या दशकात त्यावर तीन पद्धती रुजल्या. जर्मनीत औषधाच्या ठरावीक मात्रेवर किती वाढ होते हे पाहणारी निरपेक्ष मात्रेची पद्धत. इंग्लंडमध्ये डेनिस मिचिसन यांच्या परंपरेतली, रुग्णाचा जंतू आणि ज्ञात नमुना-जंतू यांची तुलना करणारी गुणोत्तर पद्धत. आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत जॉर्ज कानेटी यांनी विकसित केलेली प्रमाणपद्धत. कानेटी यांनी स्वतः क्षय भोगला होता. नोबेलविजेते लेखक एलियास कानेटी हे त्यांचे थोरले बंधू. १९६३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत या पद्धतींची मांडणी झाली आणि पुढे बहुतेक जगाने, भारतानेही, प्रमाणपद्धत स्वीकारली.

जालन्याच्या वाचकाला प्रमाणपद्धत समजावून सांगणे सोपे आहे. पेरणीआधी शंभर दाणे गोणपाटात गुंडाळून किती उगवतात हे शेतकरी पाहतो. इथे जंतूंचे तेवढेच मोजके द्रावण एका बाटलीत औषधाशिवाय आणि दुसऱ्या बाटलीत औषधासह पेरतात आणि वसाहती मोजतात. औषधाच्या बाटलीत एक टक्का किंवा त्याहून जास्त जंतू उगवले, तर जंतू रोधक. हा एक टक्का अनुभवाने ठरला: एवढे रोधक जंतू असले की ते औषध रुग्णाला उपयोगी पडत नाही, असे दिसून आले होते.

औषधाची मात्राही अशीच अनुभवाने ठरते. अंड्याच्या माध्यमात रिफाम्पिसिन मिलिलिटरला ४० मायक्रोग्रॅम घालावे लागते, द्रवमाध्यमात मात्र एक मायक्रोग्रॅमही जास्त होते. कारण अंड्याचे माध्यम घट्ट करण्यासाठी तापवावे लागते, त्यात काही औषध नष्ट होते आणि काही अंड्याच्या प्रथिनांना चिकटते. पायराझिनामाइडची गंमत वेगळी. ते आम्लधर्मी वातावरणातच काम करते, आणि तशा वातावरणात जंतूच नीट वाढत नाही. द्रावणात जंतू जरा जास्त पडले, तर ते स्वतःच आम्लता कमी करतात आणि खोटा रोध दिसतो. म्हणून या एका औषधाच्या अहवालाकडे जाणकार नेहमी दोनदा पाहतात. प्रत्येक वेळी सोबतीला एच३७आरव्ही हा नमुना-जंतू लावतात. १९०५ मध्ये एका रुग्णाकडून मिळालेल्या जंतूचा हा वंशज जगभरच्या प्रयोगशाळांत आजही तराजूच्या मापासारखा वापरला जातो, आणि १९९८ मध्ये याच जंतूचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला.

भारताचा या घराण्याशी जवळचा संबंध आहे. १९५६ मध्ये मद्रासमध्ये क्षय-रसायनोपचार केंद्र सुरू झाले. घरी राहून औषध घेतलेला रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो, हे १९५९ मध्ये तिथून जगाला कळले. त्या निष्कर्षामागे हजारो बेडक्यांची काटेकोर संवर्धने आणि औषधपरीक्षा होत्या. महाराष्ट्रात आज पुणे आणि नागपूर इथल्या राज्य संदर्भ प्रयोगशाळा ही परंपरा चालवतात. २००७ मध्ये बहुऔषधरोधी, म्हणजे निदान आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोघांनाही न जुमानणाऱ्या, क्षयाचा कार्यक्रम देशात ज्या दोन राज्यांत सुरू झाला, त्यांत गुजरातबरोबर महाराष्ट्र होता. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने द्रवमाध्यमाची शिफारस केली. जंतू वाढू लागला की नळीतला ऑक्सिजन संपतो, तळाचा पदार्थ चमकू लागतो, आणि यंत्र ती चमक टिपते. त्यामुळे औषधपरीक्षेचे आठवडे दिवसांवर आले. मात्र वेगाची किंमत आहे: हे माध्यम इतर जंतूंनाही तितकेच आवडते, त्यामुळे दूषित होणाऱ्या नळ्यांचे प्रमाण वाढते. जालन्याहून निघालेला नमुना वाटेत तापला, तर तो इथेच बाद होतो.

दुसरे घराणे जनुकांचे. १९९३ मध्ये दिसून आले, की रिफाम्पिसिनचा बहुतेक रोध आरपीओबी या जनुकाच्या अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यातल्या बदलांनी येतो. मग जंतू वाढवायची गरज उरली नाही. तो पट्टा वाचला की पुरे. पट्टीवर रेघा उमटवणारी एलपीए पद्धत २००८ मध्ये मान्य झाली आणि दोन तासांत उत्तर देणारे यंत्र, ज्याला आपल्या कार्यक्रमात सगळे सीबीनॅट म्हणतात, २०१० मध्ये. पुढे ट्रूनॅट आले. बंगळुरूत विकसित झालेले आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीने बाजारात आणलेले हे बॅटरीवर चालणारे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर बसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. विजेचा भरवसा नसलेल्या तालुक्यांसाठी हा बदल फार मोठा आहे.

पण या घराण्याचेही आंधळे कोपरे आहेत. आफ्रिकेतल्या स्वाझीलँडमध्ये, आजच्या इस्वातिनीत, सापडलेल्या बहुऔषधरोधी जंतूंपैकी जवळपास तीस टक्क्यांमध्ये बदल त्या ८१ अक्षरांच्या बाहेर होता, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्राने त्यांना संवेदनशील ठरवले असते. याउलट काही बदल नुसते अक्षरांचे असतात, प्रथिन तेच राहते. तिथे यंत्र विनाकारण धोक्याचा इशारा देते. आणि काही बदल असे, की जनुक ‘रोधक’ म्हणते, द्रवमाध्यम ‘संवेदनशील’ म्हणते, आणि रुग्णावर मात्र उपचार फसतो. अशा रुग्णांकडे पाहून २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने द्रवमाध्यमातली रिफाम्पिसिनची मात्रा एकावरून अर्ध्या मायक्रोग्रॅमवर आणली. म्हणजे काल ज्याला संवेदनशील म्हटले, त्यातल्या काहींना आज रोधक म्हणावे लागते. जंतू बदलला नव्हता, रेघ सरकली होती.

तिसरे क्षेत्र नव्या औषधांच्या शोधाचे, आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तेच जास्त खुणावते. छोट्या छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये औषधाच्या उतरत्या मात्रा घालायच्या, जंतू सोडायचे, आणि निळ्याचा गुलाबी होणारा रंग पाहून वाढ थांबवणारी किमान मात्रा काढायची, ही पद्धत स्वस्त आणि सोपी आहे. मात्र प्लेटमध्ये जंतू मरणे आणि माणूस बरा होणे यांत बरीच मजल आहे. ती मात्रा रक्तात गाठता येते का? पोकळीतल्या चिकट, मृत पेशींच्या गाभ्यात औषध शिरते का? सुप्त पडलेल्या जंतूंवर चालते का? जलद वाढणाऱ्या निरुपद्रवी भाऊबंद-जंतूवर प्रयोग करून क्षयावर औषध सापडल्याची बातमी छापणाऱ्यांनी हे प्रश्न आधी स्वतःला विचारायला हवेत.

रेघा ओढण्याचा हा प्रश्न किती पेटू शकतो, ते मुंबईने दाखवले. डिसेंबर २०११ मध्ये हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या सर्व औषधांना रोध असलेल्या चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि त्यांना ‘संपूर्ण औषधरोधी’ म्हटले. केंद्र सरकारने या नावावर आक्षेप घेतला. मार्च २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही हे नाव टाळावे असे म्हटले. कारण काही दुय्यम औषधांची परीक्षाच पुरेशी विश्वसनीय नव्हती, आणि येऊ घातलेली नवी औषधे त्यात तपासलेली नव्हती. तांत्रिक आक्षेप रास्त होता. पण त्या चार रुग्णांची कहाणीही तितकीच खरी होती: परीक्षेविना, एकेक औषध वाढवत, एकामागून एक लिहिलेल्या चिठ्ठ्यांनी जंतूला सगळी औषधे शिकवली होती. त्या वादानंतर तपासणीची यंत्रे, प्रयोगशाळा आणि पैसा या रोगाकडे वळला, हे मान्य करायला हवे. मे २०१२ मध्ये क्षयरुग्णाची नोंद खासगी डॉक्टरांवरही बंधनकारक झाली आणि जूनमध्ये रक्तावरून क्षय सांगणाऱ्या बेभरवशाच्या चाचण्यांवर बंदी आली.

आज हा विषय का महत्त्वाचा आहे, याची उत्तरे त्यानंतरच्या आकड्यांत आहेत. २०१४ ते २०१६ मध्ये झालेल्या पहिल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नव्या रुग्णांपैकी सुमारे तीन टक्के आणि आधी उपचार घेतलेल्यांपैकी अकरा-बारा टक्के बहुऔषधरोधी निघाले. त्याहून कमी चर्चा झालेला आकडा असा, की नव्या रुग्णांपैकी सुमारे अकरा टक्क्यांच्या जंतूंना आयसोनियाझिडचा रोध होता. सीबीनॅट आणि ट्रूनॅटची नेहमीची तपासणी फक्त रिफाम्पिसिनकडे पाहते. म्हणून राष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते, की रिफाम्पिसिनला संवेदनशील ठरलेल्या रुग्णाचाही नमुना एलपीएसाठी पुढे पाठवा. ‘रिपोर्ट चांगला आला’ म्हणून जिथे फाइल बंद होते, तिथेच हा रोध निसटतो.

दुसरे कारण नव्या औषधांचे. सप्टेंबर २०२४ मध्ये बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला भारतात मंजुरी मिळाली. पूर्वी दीड-दोन वर्षे इंजेक्शने आणि मूठभर गोळ्या सोसणाऱ्यांसाठी हा मोठा दिलासा आहे. बहुऔषधरोधाच्याही पुढच्या, व्यापक औषधरोधाची व्याख्याही २०२१ मध्ये यांतल्याच काही औषधांभोवती नव्याने बांधली गेली. पण बेडाक्विलिनचा रोध ओळखणे सोपे नाही. तो ज्या जनुकातून येतो, त्यात बदल कुठेही होऊ शकतात आणि प्रत्येक बदल रोध आणतोच असे नाही. त्यामुळे जनुके वाचण्याच्या काळातही जंतू वाढवून पाहणाऱ्या सावकाश प्रयोगशाळेची गरज परत उभी राहिली आहे. पूर्ण जनुकसंच वाचणारे तंत्र पुढे येत आहे, पण कोणत्या बदलाचा अर्थ काय, हे अखेर वाढवलेल्या जंतूकडूनच शिकावे लागते. दोन घराण्यांत जुने-नवे असा क्रम लावणे चुकीचे आहे. त्यांना एकमेकांची गरज आहे.

जालन्याला ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. उद्या तिथले विद्यार्थी आणि तंत्रज्ञ ही परीक्षा शिकतील, तेव्हा ती आपल्या भाषेत समजून घेण्याची सोय असावी, ही या पुस्तकामागची पहिली इच्छा. पुस्तक प्रयोगशाळेची नियमावली नाही. मोजमापाचे तक्ते हवे असणाऱ्याने राष्ट्रीय मार्गदर्शिका उघडावी. इथे प्रत्येक पद्धत कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, कोणत्या प्रश्नाचे देऊ शकत नाही, आणि दोन अहवाल एकमेकांविरुद्ध बोलू लागले तर विचार कसा करावा, यावर भर आहे. नमुना घेण्यापासून तो रुग्णाच्या हातात अहवाल पडेपर्यंतचा प्रवास एकसंध धरला आहे, कारण चूक कुठल्याही टप्प्यावर होऊ शकते आणि तिची किंमत रुग्णच मोजतो. तंत्रज्ञ, तालुक्याचा डॉक्टर, औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी, उपचार पर्यवेक्षक आणि रुग्णाचा शिकलेला मुलगा किंवा मुलगी, या सगळ्यांना ते वाचता यावे असा प्रयत्न आहे.

वाचकाने पुस्तक मिटल्यावर चार गोष्टी सवयीच्या कराव्यात, एवढीच विनंती. औषधाची पहिली गोळी देण्याआधी नमुना घ्यावा. अहवालावर ‘रोधक’ की ‘संवेदनशील’ हे पाहण्याआधी औषध कोणते, पद्धत कोणती आणि तारीख कोणती हे वाचावे. रिफाम्पिसिनचा अहवाल आला म्हणून आयसोनियाझिडचा विसरू नये. आणि रुग्ण फडावर निघाला असेल, तर त्याचा अहवाल त्याच्या गावी पडून राहू देऊ नये, तो जिथे असेल तिथल्या केंद्रापर्यंत पोचवावा.